दाराबाहेरच्या चपला

झरीला आमच्या पाड्यावर भात निघालं की हाताला काम उरत नसे. मग आई-बाबा आम्हाला घेऊन नरपडला चिकूच्या वाडीत मजुरीला येत. वाडीच्या कडेला झोपडं, आणि माझी शाळा निम्मं वर्ष बंद. मजुरी घ्यायला शेठच्या ओट्यावर जायचं, तर चपला पायरीखाली काढायच्या. असं कुणी सांगितलेलं आठवत नाही, सगळेच काढायचे. आई एवढंच सांगायची, "बाय, मोठी माणसं बोलतात तवा आपण निस्तं ऐकायचं."

पाड्यावरची पहिली पदवीधर मी. मला त्याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पण एम.ए.ला असताना डहाणूच्या एका कॉलेजात चर्चासत्र ठरलं. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्यांच्या मुलांवर मला निबंध वाचायचा होता, आणि अध्यक्ष होते ते सर, ज्यांची पुस्तकं मी वाचनालयातून पुन्हा पुन्हा आणत असे. तेव्हा माझा गर्व कुठे दडून बसला कोण जाणे. ज्या विषयात वाढले, त्यावर बोलायला मीच नालायक, असं मनापासून वाटू लागलं. निबंधाचे कागद मी वर्गातल्या मैत्रिणीच्या हातात दिले.

"तूच वाच ना. माझा घसा बसलाय."

"बसलाय ते केवढं खणखणीत सांगतेस गं!" ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही दोघी सगळ्यांच्या आधी पोचलो. आत चकचकीत फरशी. माझ्या पायांनी डोक्याला न विचारताच चपला दाराबाहेर काढल्या. मैत्रिणीनेही काढल्या.

मग दोन प्राध्यापिका आल्या, चपला पाहून थबकल्या, त्यांनीही काढल्या. मागून बूटवाले आले. एकाने भिंत धरून, एका पायावर उड्या मारत नाडी सोडवली. शेवटी सर आले. त्यांनी विभागप्रमुखांना हळूच विचारलं, "इथे काढायच्या असतात का हो?"

"असतात ना, सर. पहिल्यापासूनच," विभागप्रमुख म्हणाले आणि स्वतःचे बूट काढायला वाकले.

सरांच्या फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. व्यासपीठावर ते एका पायाने दुसरा पाय झाकून बसले. समाजाच्या रीतीभाती उलगडून सांगणारा एवढा विद्वान, आणि इथली रीत आपल्यालाच ठाऊक नाही म्हणून बावरलेला! मला हसू आलं. हसण्याहून जास्त हायसं वाटलं. म्हणजे हे दुखणं फक्त आमच्या पाड्याचं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मैत्रीण उठली, तसं मी तिच्या हातातून कागद ओढून घेतले.

"आणि घसा?"

"सुटला."

वाचून झाल्यावर सर म्हणाले, "तुमचा शेवटचा मुद्दा मला पटला नाही."

"मला पटलाय, सर," मी म्हणाले, आणि का ते सांगितलं. त्यांनी मान हलवली; होकाराची की नकाराची, ते अजूनही माहीत नाही.

निबंध मीच वाचला, पूर्ण वाचला, आणि माझा मुद्दा मागे घेतला नाही.