बटाटा नसलेल्या जत्रेत आईची एकादशी

आई गुरुवारी पुण्याला परत जाणार होती, आणि डॉक्टरांनी यापुढे लांबचा विमानप्रवास बंद म्हणून सांगितलेलं. म्हणजे इथली आमची ही शेवटची सहल. मध्ययुगीन युरोपची जत्रा भरते तिथे न्यायचं ठरवलं. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडहून दीड तासाचा ड्राइव्ह. जाणार असाल तर सकाळी लवकर निघाच, नंतर गेटपाशी गाड्यांची ही रांग! तिकीट ऑनलाइन काढा, टोपी विसरू नका.

चिलखतवाले, बासरीवाले बघून आई खूश. अकराला म्हटलं, "चल, काहीतरी खाऊ."

"आज एकादशी आहे रे माझी."

मेलो! पुण्यात असताना आदल्या रात्री साबुदाणा भिजलेला दिसला की कळायचं. इथे माझ्या कॅलेंडरवर नुसत्या मीटिंगा. "अगं, फ्राइज मिळतील की," म्हणत मी तिला जुन्या पद्धतीनं रांधणाऱ्या तंबूत नेलं.

डोक्याला फडकं बांधलेली स्वयंपाकीण हसायलाच लागली. "सॉरी, नो पोटॅटोज!" त्या काळी युरोपात बटाटाच नव्हता. टोमॅटो, मका, मिरचीही नाही. सगळं नंतर अमेरिकेतून गेलं. तिच्या पातेल्यात वाटाणे, कांदा, बार्ली. मिरी मात्र होती, आपल्या मलबारातून जहाजांनी गेलेली.

"म्हणजे उपासाचा बटाटा, रताळं, शेंगदाणा, सगळं मूळचं इकडचं?" आई म्हणाली. "आणि मी वेडी बॅग भरून दाणे घेऊन आले!"

हसली, पण चेहरा सुकलेला. शेवटच्या सहलीत आईला उपाशी ठेवलं, मला स्वतःचाच राग आला.

स्वयंपाकिणीला उपास समजावला. तर म्हणे, तेव्हा त्यांच्याकडेही उपासाचे दिवस असत. मांस नाही, दूधही नाही. मग ऐपतदार घरांत बदाम वाटून त्याचं दूध काढत. तिनं खजूर घातलेलं तसलं दूध पुढे केलं.

"विचार तिला, डाव चिकनमध्ये बुडवला नाही ना?"

नव्हता. आईनं पेला घेतला, अर्धा मला दिला. मला उपास नव्हता, तरी दिला. लहानपणी तिच्या खिचडीतला वाटा असाच मिळायचा. गवताच्या गठ्ठ्यावर बसून आम्ही सावकाश प्यायलो.

गुरुवारी आई पुण्याला गेली. जत्रेतले फोटो कुणाला दाखवायचे राहूनच गेले. पुढच्या एकादशीला तिचा फोन आला.

"आज बदामाचं दूध केलं रे. छान झालंय. पण मेलं एकटीपुरतं जमलंच नाही, दोघांचं झालं."

"मग?"

"मग काय, तुझं झाकून ठेवलंय."