घंगाळापुढचं कार्ड

आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावच्या त्या फिल्म क्लबवाल्यावरचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. २०१७च्या उन्हाळ्यात त्याने कुठूनशी एक जुनी जर्मन डॉक्युमेंटरी मिळवली, तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका कारागिरावरची. पडद्याशेजारी मांडायला त्याला आमच्या घरचं घंगाळ हवं होतं. ते माझ्या वडिलांनी घडवलेलं. पुण्यात त्यांनी आयुष्यभर तांबटकाम केलं आणि त्या ठोक्यांत कान घालवले. तेव्हा ते माझ्याकडे राहायला आले होते.

मी फुकट काही देत नाही. म्हटलं, भाडं नको, पण कार्डावर वडिलांचं नाव पाहिजे. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'चालेल'.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये गेलो तर कार्डावर लिहिलेलं: 'पारंपरिक भारतीय भांडं. कारागीर अज्ञात.' अज्ञात कारागीर माझा दंड धरून उभा होता!

"ते नाव कुणाला वाचता आलं नसतं," क्लबवाला म्हणाला. "आणि असं जरा जास्त जुनं वाटतं."

तेवढ्यात दिवे बंद झाले. निवेदक त्या जर्मनाचं लांबलचक नाव गावासकट पुन्हा पुन्हा घेत होता. ते बरं सगळ्यांना झेपलं! मी घंगाळ उचलायला उठलो, तर वडिलांनी शर्ट ओढला आणि पडद्याकडे बघत बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बस रे! पत्रा नीट तापवलाच नाही त्यानं. आता चिरतोय बघ."

नाही चिरला.

"हात चांगला आहे लेकाचा," ते म्हणाले. मग शेवटपर्यंत त्यांचं बोट मांडीवर ठोके देत राहिलं.

फिल्म संपल्यावर क्लबवाला हसत आला. वडिलांनी त्याचा हात हातात घेतला. "याला सांग, फार बरं वाटलं. असं काम आता बघायला मिळत नाही."

"काय म्हणतायत?" त्याने मला विचारलं.

"म्हणतायत, मी समोर बसलेला असताना मला अज्ञात कसं केलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. पेन काढलं. मी एकेक अक्षर सांगितलं, आणि आडनावात चुकला तेव्हा खाडाखोड चालवून न घेता नवं कार्ड घ्यायला लावलं.

"विरघळला बघ," वडील खूश होऊन म्हणाले. "भला माणूस आहे."

भला माणूस! तोवर हॉल रिकामा झाला होता. ते कार्ड वाचायला आम्ही तिघेच उरलो होतो, आणि त्यातल्या ज्याचं नाव होतं त्याला इंग्रजी येत नव्हतं.