सगळ्या ओळीचा एक सिलिंडर

शहागंजात माझं तयार कपड्यांचं दुकान होतं, ओळीतलं शेवटचं. नगरपालिकेची महापालिका होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि नव्या सुनेसारखी ती पदर खोचून आवराआवरीला लागली होती. बाजारात कुठेकुठे आगी लागल्या, तसा हुकूम सुटला: प्रत्येक दुकानात आग विझवायचा लाल सिलिंडर हवा, तपासणी होईल. आम्ही पडलो व्यापारी. हुकूम आला की आधी पळवाट शोधणार.

ओळीत सिलिंडर घेतला एकट्या चाचांनी. माझ्यापासून तिसरं त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. सगळा जन्म कापसात गेलेला, त्यामुळे आगीची खरी धास्ती त्यांनाच. सिलिंडरवरच्या सूचना त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि मग आम्हालाही मोठ्याने वाचून दाखवल्या.

"चाचा, उद्या परीक्षा हाय का काय?" मी म्हणालो. सगळे हसले, तेही हसले.

तपासणीच्या दिवशी साहेब पुढच्या दारांनी येत गेले आणि चाचांचा सिलिंडर मागच्या दारांनी त्यांच्या आधी पोचत गेला. सगळी ओळ पास! ही शक्कल माझी होती, हेही सांगून टाकतो. माझं दुकान शेवटचं, म्हणून सिलिंडर माझ्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचोडच्या बाजाराला निघालो होतो. कपड्यांचा गठ्ठा खांद्यावर, शटरला दोन्ही कुलपं लावलेली, एवढ्यात चाचा आले.

"बेटा, माझा सिलिंडर दे. कापूस पिंजायची मशीन कालपासून ठिणग्या मारायलीय."

"आल्यावर देतो ना चाचा. एसटी जाईल माझी."

"दोन मिनिटाचं काम हाय."

"आजच्या आज काय जळायलंय?" मी वैतागून म्हणालो आणि चालू लागलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा सगळ्या ओळीत भिजलेल्या, जळक्या कापसाचा वास होता. माझ्या शटरला पोचे पडले होते आणि एक कुलूप वाकलं होतं. आग दुपारी चाचांच्या दुकानात लागली. सिलिंडर कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आधी माझ्याच शटरवर घण घातले. ते उघडलं नाही, आणि मागच्या दाराला मी आतून लोखंडी अडसर घातलेला. बंब आला, तो आम्हीच रस्त्यावर मांडलेल्या मालात अडकला. तोवर आग शेजारी पसरू नये म्हणून चाचा पेटलेला कापूस हातांनी ओढून बाहेर टाकत होते. दोन्ही हात भाजले.

चौकशीला तेच साहेब आले.

"तुमच्याकडं सिलिंडर होता ना? परवाच तर बघितला मी."

ओळीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी बोललो असतो तर सगळ्यांचंच बिंग फुटलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी फक्त स्वतःला वाचवत होतो.

"होता साहेब," हाताला पट्ट्या बांधलेले चाचा म्हणाले. "घाबरून गेलो मी. पिनच निघाली नाय."

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

त्यावरून महापालिकेने ठरवलं की लोकांना सिलिंडर वापरता येत नाही, शिकवायला हवं. पंधरा दिवसांनी चौकात प्रात्यक्षिक ठेवलं. पुढे खुर्ची टाकून चाचांना बसवलं. "यांना पिन काढता आली नाही, म्हणून एवढं नुकसान झालं," साहेब सांगत होते आणि लोक चाचांकडे बघून चुकचुकत होते. त्या गर्दीत सूचना वाचलेला माणूस तेवढा एकच होता. मी दोन माणसांच्या आड सरकलो.

"कोण करून दाखवतंय? तुम्ही या," साहेबांनी नेमकं मलाच बोलावलं.

पत्र्याच्या घमेल्यात चिंध्या पेटवल्या होत्या. मी पिन ओढली. ती सहज निघाली. आग विझली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी खुर्चीजवळ येऊन उभा राहिलो. चाचांनी पट्टीतल्या हाताने मला खाली वाकायची खूण केली.

"बघ," ते माझ्या कानाशी म्हणाले, "दोन मिनिटं बी नाय लागली."

साहेब चार पावलांवर उभे होते. मी त्यांच्याकडे गेलो नाही. टाळ्या थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.