पत्रूचा उजवा खांदा

पलटणीतून सुटून इसरू कोडापे आलापल्लीजवळच्या एका लाकूड डेपोत चौकीदार झाला, तो व्हॉलीबॉलचं वेड घेऊनच. ओंडके रचायच्या मैदानाच्या कडेला त्यानं दोन बांबू रोवले, मधे मासे धरायचं जाळं ताणलं आणि दिवसभर राबलेल्या माणसांना संध्याकाळी उड्या मारायला लावलं. लोक हसले. मग पत्रू आला.

पत्रू झाडं तोडणारा. त्याची उडी अशी, की बॉल जाळ्यावर त्याचीच वाट बघत थांबलाय असं वाटावं. फटक्यात मात्र जोर नव्हता.

"तुझा हात भरला पायजे," इसरू म्हणाला.

१९५६च्या दिवाळीनंतर चांद्याला सामने होते. पलटणीतल्या उस्तादानं शिकवलेलं सगळं इसरूनं पत्रूकडून करवून घ्यायला सुरुवात केली. पहाटे शंभर जोर. मग सागाचे बुंधे तासून केलेले मुद्गल. मग वाळूची गोणी छातीपासून डोक्यावर. दोन दिवस मेहनत की एक दिवस आराम, हेही उस्तादानं सांगितलं होतं. ते इसरूनं सोडून दिलं. शिवाय मेहनत झाली की पत्रूच्या हाती कुऱ्हाड होतीच.

महिन्याभरात पत्रूचा फटका अडवायला कोणी पुढं होईना. सामन्यांना आठ दिवस उरले असताना तो म्हणाला, "भाऊ, खांद्यात कटकट वाजून राह्यलं. हात वर नेला का कळ येते."

"नवी ताकद हाय, दुखनच. भेतं काऊन?"

पत्रूनं पुन्हा गोणी उचलली. दुसऱ्या दिवशी इसरूनं गोणीत आणखी वाळू घातली.

चांद्यात ते जिंकले. शेवटचा फटका पत्रूनंच मारला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा त्याचा डावा हात हवेत होता, उजवा नुसता लोंबत होता. दवाखाना झाला, वैदू झाला, पण कुऱ्हाड पुन्हा उचलली गेली नाही. तोडीचं काम सुटलं. पत्रू गावची गुरं राखू लागला.

महिना गेल्यावर इसरू त्याच्या घरी गेला. अंगणात पत्रूची बायको बुधरी लाकडं फोडत होती. तिनं मान वर केली, "या भाऊ" म्हणाली आणि पुन्हा घाव घातला.

"चुकलं माझं," इसरू पत्रूला म्हणाला.

"नाई म्हनता आलं असतं मले. मलेही जिंकाचं होतं."

पत्रूनं ते धीर द्यायला म्हटलं होतं. पण इसरूला ठाऊक होतं, त्याच्यापुढं पत्रूला कधीच नाही म्हणता आलं नसतं.

इसरूनं पुढंही बरीच वर्षं माणसं तयार केली. कोणी खांदा चोळताना दिसला की तो त्याला चार दिवस घरी बसवायचा. डेपोवाले पुन्हा कधी जिंकले नाहीत. लोक म्हणत, इसरू नरमला. त्याचं त्याला काही नव्हतं. संध्याकाळी गुरं मैदानावरून न आणता पत्रू नाल्याच्या लांबच्या वाटेनं न्यायचा, एवढंच इसरूला सोसायचं नाही.