शेवंतीने लिहिलेलं प्रेशर

दवाखान्यात शेवंतीला सगळं जमलं, एक प्रेशर सोडून.

तशी ती हुशार. संपात गिरणी बंद पडली, नवरा लवू गोरेगावला एका स्टुडिओत वॉचमन म्हणून चिकटला, तेव्हा ही दहावी पास बाई पदर खोचून घाटकोपरला डॉक्टर वसुधा सामंतांच्या दवाखान्यात उभी राहिली. चार महिन्यांत काचेच्या सिरिंजा उकळायला शिकली, ड्रेसिंग शिकली, रडणाऱ्या पोराच्या काखेत थर्मामीटर धरून ठेवायला शिकली. भटवाडीच्या डोंगरावरच्या चाळीत तिचा भाव काय वाढला म्हणता! कुणाचं बोट कापलं की पहिली हाक शेवंतीला.

प्रेशरच्या मशीनने मात्र तिला रडवलं. डॉक्टरांनी एकदा दाखवलं. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबून पारा वर चढवायचा, मग हळूहळू सोडायचा. कानात पहिली टकटक आली तो वरचा आकडा, टकटक थांबली तो खालचा. आणि हिला काही म्हणजे काहीच ऐकू येईना. "आली ना टकटक?" डॉक्टरांनी विचारलं. बाहेर वीस पेशंट खोळंबलेले. ही चक्क "आली" म्हणाली. तिथेच माती खाल्ली.

शनिवारी डॉक्टर म्हणाल्या, "मशीन घरी घेऊन जा. उद्या पंधरा-वीस जणांचं प्रेशर घे, वहीत लिही. हे जमलं की एक तारखेपासून तू पक्की."

रविवारी सकाळी दाराशी ही गर्दी! पहिला मान सासऱ्यांचा. गिरणीत होते तेव्हापासून नानांना प्रेशरची गोळी चालू होती. त्यांनी बाही वर केली आणि ऐटीत हात पुढे केला. शेवंतीने पारा चढवला, सोडला. कानात शुकशुकाट. पुन्हा चढवला. शुकशुकाट. अख्खी चाळ टक लावून बघत होती.

"किती गो?" नानांनी विचारलं.

"एकशे एकवीस, एकोणऐंशी," ती म्हणाली. आकडे कुठून आले देव जाणे. पण एकदा जीभ सैल सुटली, मग काय! थोडं इकडे थोडं तिकडे करत आणखी अठरा जणांना तिने असेच आकडे वाटले. सगळे खूश होऊन घरी गेले.

डॉक्टर आठवडाभर लग्नासाठी पुण्याला होत्या. पुढच्या सोमवारी आल्या आल्या त्यांनी वही उघडली.

"एकशे एकवीस?"

"हो, बाई."

त्यांनी मशीन तिच्यापुढे सरकवलं. "यावर मला एकवीस दाखव."

शेवंतीने वाकून पाहिलं. खुणा दोन-दोनच्या होत्या. वीस, बावीस, चोवीस. एकवीस नव्हताच. गेली नोकरी, तिला वाटलं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. "स्टेथोस्कोप घाल कानात," म्हणाल्या. तिने घातला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, उलटा घातलायस! ही टोकं पुढे, नाकाच्या बाजूला."

तिने फिरवून घातला, डॉक्टरांच्याच दंडाला पट्टा बांधला, पारा सोडला. ठक्, ठक्, ठक्. शेवंती दचकलीच. एवढंच होतं? अरे देवा, एवढंच? एकदा विचारलं असतं तर मिनिटाचं काम होतं!

"हे एकवीसवाले कोण?"

"माझे सासरे. त्यांना प्रेशरची गोळी..." बोलता बोलता तिला आठवलं. परवा नाना शेजारच्या शकुला सांगत होते, सुनेन मोजल्यान, झकास आसा, आता गोळी कित्याक खाऊ? आणि ही तिथेच भाकऱ्या थापत हसली होती.

"बाई, त्यांनी गोळी सोडलीय. माझ्या आकड्यावर."

"मशीन घे आणि पळ," डॉक्टर म्हणाल्या. "जास्त असेल तर रिक्षात घालून इथे आण त्यांना."

डोंगराच्या पायऱ्या ती कशी चढली तिला कळलं नाही. नाना दारात सुकट निवडत बसले होते. जिवंत. तिला रडूच फुटणार होतं.

"सकाळधरना डोक्या दुखता वाईच," ते म्हणाले.

तिने पट्टा बांधला. या वेळी नीट ऐकू आलं. पारा दोनशे सोळावर होता तेव्हाच ठोके सुरू झाले. खोटंच असणार, तिने स्वतःला बजावलं आणि दुसरा दंड धरला. दोनशे चौदा.

"एकशे एकवीस ना?" नाना हसत म्हणाले.

"नाही. नाना, त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी मनाने सांगितलं. लोक बघत होते, मला लाज वाटली."

नानांचं हसू गेलं. त्यांनी दंडावरचा पट्टा सोडला. मग हळूच म्हणाले, "शेवंते, तुका शिकूक हात दिलंय मिया. आकडो कोणी मागलल्यान?"

तिला वर बघवेना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दाराशी शकु उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "शेवंती," तिचा आवाज चिरकला, "आणि माझ्या आईचं गं?"

"तेही खोटं. सगळ्यांचं खोटं," शेवंती म्हणाली. "धाव, रिक्षा आण. आईलाही बसव."