खालापूरची हाक, कर्जतचा पत्ता

कर्जत-खालापूर म्हटलं की तुम्ही धबधब्याची वाट बघणार, मला माहितीय. नायतर फार्महाऊसची. नायतर निदान एखाद्या भुताची. बसा बघत. माझ्याकडं दोन राउटर हायेत, एक कर्जतला, एक खालापूरला, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

मॅडमचा कॉम्प्युटर क्लास कर्जतला. मी तिथंच शिकलो. म्हणजे शिकलो थोडा, मॅडमच्या नकला केल्या जास्त. आता मी नेटवर्कची कामं करतो, म्हणून मॅडमनी खालापूरला दुसरा क्लास काढला तेव्हा वायर ओढायला मलाच बोलावलं. त्यांना तिथं परीक्षेचं केंद्र पायजे होतं. डोंगरावरच्या वाड्यांतल्या पोरी वर्षभर शिकायच्या, पण परीक्षेला कर्जतला जायचं म्हटलं की अख्ख्या दिवसाचा रोज बुडतो, म्हणून घरचे सोडायचेच नाहीत. मॅडमच्या ते जिवाला लागलेलं.

त्या दुपारी केंद्र तपासायला साहेब येणार होते. त्यांची अट एकच. दोन्हीकडच्या सगळ्या कॉम्प्युटरना पत्ते कर्जतच्याच राउटरनं द्यायचे.

आता कॉम्प्युटर चालू झाला की तो खोलीभर ओरडतो. मी मॅडमना रिक्षा स्टँडच्या आवाजात करून दाखवलं, "ए, कोन हाय का रं? पत्ता द्या मला, पत्ता!" ही हाक आपल्या राउटरच्या दारापर्यंतच जाते. पार कर्जतला कशी ऐकू जाणार? म्हणून खालापूरच्या राउटरवर रिले लावायचा. तो हाक ऐकतो, "मी खालापूरवाला बोलतोय" असं स्वतःचं नाव लावतो आणि थेट कर्जतला पोचवतो. नाव बघून कर्जतवाल्याला कळतं, कुठला पत्ता द्यायचा.

लावला रिले. केले सगळे चालू. बघतो तर सगळ्यांवर १६९नं सुरू होणारा पत्ता. म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाय, म्हणून बिचाऱ्यांनी स्वतःच ठोकून दिलेला, बिनकामाचा.

"काय झालं रं?"

"हाक पोचतेय मॅडम. पण कर्जतच्या राउटरवर खालापूरसाठी पत्ते काढूनच ठेवले नाहीत. सरांना सांगा."

सर म्हणजे मॅडमचे मिस्टर, कर्जतचा क्लास तेच बघतात. राउटरचा पासवर्ड त्यांच्याकडं, आणि मॅडमच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते राउटरला बोट लावत नाहीत. नियम मॅडमचाच. माझ्यासारख्यांमुळं केलेला.

मॅडम फोन लावणार तेवढ्यात साहेबांची गाडी आली. फोन टेबलावर टाकून मॅडम बाहेर पळाल्या. "आधी चहा घ्या ना साहेब, बसा ना," करत त्यांनी साहेबांना ओट्यावरच अडवून धरलं.

आणि फोन वाजला. सरांचा. जेवायच्या वेळेला रोज येतो. मी उचलला, आणि देवाशप्पथ, माझ्या तोंडून मॅडमच बाहेर पडल्या.

"अहो, जेवणाचं राहू द्या. राउटर उघडा आधी."

"उघडतो. अगं, ओरडू नको. काय करू?"

मी सांगत गेलो, ते भरत गेले. एकेक कॉम्प्युटर खरा पत्ता घेऊन जागा झाला. मला एवढा आनंद झाला की बोलून गेलो, "थँक्यू हं. दमलात ना? जेवून घ्या आता."

तिकडनं हळूच, "हो. तू पण जेव."

साहेब आत आले, चार-पाच कॉम्प्युटर बघितले आणि केंद्र मंजूर म्हणाले. मॅडमनी डोळे पुसले. मी वायर गुंडाळायला लागलो, मला काय कळतंय त्यातलं.

संध्याकाळी सर स्कूटरवरून खालापूरला हजर. हातात पेढे आणि मोगऱ्याचा गजरा.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"दुपारी किती गोड बोललीस, थँक्यू पण म्हणालीस," सर लाजत म्हणाले.

मॅडमनी गजऱ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि मग सावकाश माझ्याकडं.

"माझा आवाज काढलास? मेल्या, तुझा तो रिले बरा, स्वतःचं नाव तरी सांगतो!"

सर खाली बघून पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडायला लागले. मॅडमचं ओरडणं चालूच, पण ओरडता ओरडता गजरा केसात जात होता.

"आणि थँक्यू कशाला म्हणालास रं? लग्न झाल्यापासून मी कधी म्हटलं नाय! आता हे रोज जेवताना वाट बघणार. रोज फोनवर कोण म्हणणार, तू येणार हायस?"