आवाज काढा

“आवाज काढा.”

गॅरेजसमोर गाडी स्टँडवर लावली की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. आवाज गाडीनं नाही, आपण आपल्या तोंडानं काढायचा. भर रस्त्यात, समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं बघत असताना! म्हसळ्यातल्या भल्याभल्यांना मी तिथे ‘खर्र-टक, खर्र-टक’ करताना पाहिलं आहे. एक वकीलसाहेब अलिबागच्या कोर्टात उभे राहतात त्याच थाटात ‘फट् फट् फुस्स’ म्हणाले होते. मिस्त्री त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

“परत. सावकाश.”

वकीलसाहेबांनी परत केलं. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं.

मी आरोग्यसेविका. वडिलांच्या जुन्या मोटरसायकलवर लसींचा डबा बांधून वाड्यावस्त्यांवर जाते. गाडी माझ्याच वयाची, त्यामुळे दर महिन्याला नवी तक्रार. पण निदानात मिस्त्रींचा हात धरणारं कुणी नव्हतं. टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन, हे ते आपल्या तोंडाकडे बघून सांगायचे. “आधी इचारायचं, मंग खोलायचं,” म्हणायचे. आमच्या डॉक्टरसाहेबांनी पेशंटला निम्मं जरी विचारलं असतं तरी मी त्यांना हार घातला असता.

एकदा गाडीतून बारीक खरखर येऊ लागली. टपरीवर त्या दिवशी माझ्याच गावचे चार बाप्ये बसले होते. मला लाज वाटली. धुळीसाठी बांधलेला स्कार्फ तोंडावर तसाच ठेवून मी काहीतरी खरखरले. मिस्त्री क्षणभर थांबले, काही विचारलं नाही, आणि चेन ताणून दिली. “जावा,” म्हणाले.

चारच दिवसांनी घाटात गाडी अशी ओरडायला लागली की मी घाबरून कडेला घेतली. डब्यातला बर्फ वितळत होता आणि वाडीवर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. मी टपरीवाल्याला फोन केला, कारण मिस्त्री स्वतः कधी फोन घ्यायचे नाहीत. “हात तेलाचे हायत,” हे ठरलेलं उत्तर.

ते रिक्षानं आले. रिक्षा दिसताच मी गाडी न्यूट्रलमध्ये चालू केली. खरखराट एवढा, की खालच्या शेतातली बाई काम सोडून वर बघत होती. मिस्त्री गाडीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि म्हणाले, “आवाज काढा.”

माझं डोकंच फिरलं. तोंडावरचा स्कार्फ खाली ओढून मी ओरडले, “अहो, ती समोर बोंबलतेय! ऐकू येत नाही का तुम्हाला?”

मिस्त्रींनी मान खाली घातली. वाटलं, शब्द परत घेता आले असते तर.

“न्हाय येत,” ते म्हणाले. “तीन वर्सं झाली. त्या दिशी तुमच्या तोंडावर फडका होता, सिस्टर.”

नर्स असून मला हे कळलं नव्हतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नसेल. मी स्कार्फ काढूनच टाकला, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि घसा फाडून ‘खर्रर्रर्र’ केलं. क्लच दाबला, आवाज थांबला, मी तोंड मिटलं. क्लच सोडला, पुन्हा खर्रर्रर्र. रिक्षावाला खो खो हसत होता. हसू दे!

मिस्त्रींचा चेहरा उजळला. “व्हय! क्लचला थांबतोय. मंग चेन कसली? गिअरबॉक्सचं बेरिंग हाय.” खात्रीसाठी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटले. कानाला जे कळत नाही ते हाडातून कळतं, हे मी पुस्तकात शिकले होते. ते त्यांचे तेच शिकले होते.

मिस्त्रींनी गाडी उतारावरून गॅरेजवर नेली, मी त्याच रिक्षानं वाडी गाठली. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा म्हटलं, कान तपासून घ्या, यंत्र मिळेल.

“कानाला यंत्र लावलेल्या मिस्त्रीकडं आवाजाची गाडी कोन दील? सांगू नका कुनाला.”

नाही सांगितलं. उलट कुणी हेल्मेट घालून पुटपुटायला लागलं की मीच ओरडायचे, “काढा ते! मिस्त्रींना अभिनय लागतो!” मिस्त्री गालातल्या गालात हसायचे. आता ते नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

शेवटी ते घरीच अंथरुणावर होते. ऐकू येणं आजारपणात गेलं, असं घरच्यांना वाटत होतं. मला बघून त्यांनी फक्त विचारलं, “गाडी?”

मी तोंडावरचा मास्क काढला. सगळ्या घरादारासमोर, अजिबात न लाजता, गाडी चालवून दाखवली. डुगडुगडुगडुग. हातानं क्लच दाबला, सोडला. डुगडुगडुगडुग. त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही.

“बेरिंग मी बसवलेलंच?”

मी मान डोलावली.

“मंग ती तुमाला मधेच सोडायची न्हाय,” ते म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटले.

पुढच्याच आठवड्यात ते गेले. आज सकाळी मी घाट चढून आले. गाडीची काहीच तक्रार नव्हती.